पाटीवरची पदवी आणि नोंदवहीतले नाव



आमचे आयुष्य कारखान्याच्या फाटकावर आणि उसाच्या फडात गेले. मानसशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. मग या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणता? एवढाच, की फसलेली माणसे आमच्याकडे आली. एका ऊसतोड जोडप्याची मुलगी जेवीना, बोलेना. बाजारपेठेतील 'मानसतज्ज्ञा'ची पाटी पाहून त्यांनी तिला तेथे नेले. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यात संपली. मुलगी होती तशीच राहिली. चौकशीअंती त्या गृहस्थांपाशी काही आठवड्यांच्या वर्गाचे प्रमाणपत्र तेवढे निघाले. तेव्हापासून या पदव्यांचा अर्थ आम्ही जाणत्यांना विचारून समजून घेतला.

मानसशास्त्रातील एम.ए. वा एम.एस्सी. ही दोन वर्षांची पदवी. ती ज्ञानाची खूण आहे. तिच्या बळावर शिकविता येते, संशोधन करता येते. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी. तिने नावामागे 'डॉक्टर' लागते, पण औषध लिहिण्याचा अधिकार येत नाही. औषध देतो तो मनोविकारतज्ज्ञ. तो आधी एम.बी.बी.एस. होतो, मग मनोविकारशास्त्र शिकतो.

या दोहोंहून वेगळा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. तो औषध देत नाही. चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो. त्यासाठी एम.ए. नंतर रुग्णांमध्ये, जाणत्यांच्या देखरेखीखाली दोन वर्षांचे एम.फिल. करण्याची रीत पडली. अलीकडे साय.डी. सारखे अभ्यासक्रमही मान्य झाले आहेत.

पण एवढ्यानेही भागत नाही. साखर कारखान्यातील आपले बंधू हे चटकन ओळखतील. वाफेचे शास्त्र पुस्तकात कितीही वाचलेले असो, दाखल्यावाचून बॉयलर कोणी ताब्यात देत नाही. कारण चूक एकाची, भाजणार दुसरे. येथेही तोच न्याय आहे. 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक स्वरूप मिळाले. तिच्या नोंदवहीत नाव नसता चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगितले आहेत. इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांच्या नोंदणीची तरतूद 2021 च्या वेगळ्या कायद्यात आहे.

म्हणून दारातच तीन गोष्टी विचाराव्या: पदवी कोणती, प्रत्यक्ष रुग्णांमध्ये शिक्षण कोठे झाले, आणि नोंदणी क्रमांक काय? खरा जाणकार या प्रश्नांनी रागावत नाही.

एक धोका मात्र आम्हांस दिसतो. हे ऐकून कोणी दारच टाळील. तसे करू नका. बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेलि-मानसची विनामूल्य सेवाही आहे. फडावरूनसुद्धा फोन लावता येतो.

नोंदलेली माणसे शहरांत फार, खेड्यांत थोडी. खोटी पाटी याच उणिवेवर जगते. तेव्हा ती पाटी उतरविण्याची मागणी करताना, तालुक्याच्या रुग्णालयात खरा माणूस नेमा, ही मागणीही आपण तितक्याच जोराने केली पाहिजे.