इंजिन बदलले, ब्रेकचे काय?

जुन्या मोटारगाडीत अधिक ताकदीचे इंजिन बसवण्याची हौस जगभर आढळते. सांगाडा, दारे, काचा जुन्याच. बॉनेटखाली मात्र दुप्पट अश्वशक्ती. असे काम करणारा जाणता मेस्त्री इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेककडे पाहतो. वरवर हे विचित्र वाटते. ब्रेक काही इंजिनाशी झुंजत नाहीत. ब्रेक दाबताना चालकाने ॲक्सिलरेटर सोडलेलाच असतो. मग इंजिन मोठे झाल्याने ब्रेकचे काय बिघडते? उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात सापडते आणि ते पडताळून पाहायला एक प्रसिद्ध उदाहरणही आहे.

ॲलेक इसिगोनिस यांनी रचलेली मिनी ही छोटी गाडी ब्रिटनमध्ये १९५९ साली आली. इंजिन ८४८ घन सेंटिमीटरचे, ३४ अश्वशक्तीचे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांना या गाडीत अधिक काही दिसले. १९६१ मध्ये ५५ अश्वशक्तीची मिनी कूपर निघाली आणि १९६३ मध्ये ७० अश्वशक्तीची कूपर एस. चार वर्षांत त्याच सांगाड्यात दुपटीहून अधिक शक्ती आली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की दोन्ही वेळा ब्रेकही बदलले. १९६१ मध्ये पुढच्या ड्रमच्या जागी सात इंची डिस्क आल्या. १९६३ मध्ये त्या साडेसात इंची आणि जाड झाल्या व जोडीला बूस्टर आला.

हे का करावे लागले, ते आकड्यांनी पाहू. वेगात धावणाऱ्या गाडीचे इंजिन मुख्यतः हवेच्या विरोधाशी लढत असते. हा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. उलट सांगायचे तर शक्ती दुप्पट केली, तरी कमाल वेग दुप्पट होत नाही. तो दोनच्या घनमूळाइतका, म्हणजे सुमारे १.२६ पट होतो. साध्या मिनीचा कमाल वेग ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास होता. म्हणजे दुप्पट शक्तीला ताशी १४५ किलोमीटर. वाढ फार वाटत नाही. पण ब्रेकला वेगाशी नव्हे, गतिज ऊर्जेशी हिशोब करावा लागतो आणि ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. माणसांसह गाडीचे वस्तुमान ८०० किलोग्रॅम धरले, तर ११५ वेगाला ऊर्जा होते सुमारे ४१० किलोज्यूल आणि १४५ ला ६५० किलोज्यूल.

ही सारी ऊर्जा काही सेकंदांत उष्णता व्हायची असते. टायर आणि कोरडा रस्ता यांचा घर्षणांक ०.८ धरला, तर १४५ च्या वेगावरून थांबायला सुमारे पाच सेकंद लागतात. ६५० किलोज्यूल पाच सेकंदांत म्हणजे सरासरी १७० अश्वशक्ती. सत्तर अश्वशक्तीच्या इंजिनाने जी ऊर्जा सावकाश भरली, ती ब्रेक अडीचपट जोराने रिकामी करतात! विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे. गाडीतले सर्वांत शक्तिमान यंत्र कोणते, या प्रश्नाला ‘इंजिन’ हे उत्तर चुकते.

आता उष्णता. थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे सुमारे ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात. पुढची प्रत्येक डिस्क तीन किलो बिडाची धरली, तर एकदा थांबण्यात तिचे तापमान सुमारे १६५ अंशांनी वाढते. जुन्या वेगाला हीच वाढ १०० अंशांच्या जवळपास झाली असती. दमदार इंजिनाची खरी कुरापत तर पुढेच आहे. वळणामागून वळण असलेल्या रस्त्यावर ते गाडीला पुन्हा लवकर वेगात आणते. ब्रेकला निवायला वेळ कमी मिळतो आणि अंश साठत जातात.

इथे ड्रम मार खातो. ड्रमच्या आत दोन शू असतात. त्यांतला एक फिरणाऱ्या ड्रमकडून आपोआप आत ओढला जातो. दाराखाली सरकवलेली पाचर दार लोटल्यावर अधिकच घट्ट बसते, तसे. त्यामुळे थोड्या दाबात मोठे काम होते. पण याच गुणाचा दोष होतो: लायनर तापून घर्षण थोडे घटले, की ओढही घटते आणि ब्रेकचा जोर घर्षणाच्या मानाने कितीतरी अधिक उतरतो. शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो. पेडल खाली-खाली जाऊ लागते. डिस्क तापली तर जाड होऊन पॅडच्या जवळ येते आणि ती उघड्यावर असल्याने वाऱ्याने लवकर निवते.

मोठी डिस्क बसवली की गाडी लवकर थांबते, हा समज मात्र पुरा खरा नाही. थंड असताना जुना ब्रेकही चाक जाम करू शकत असेल, तर थांबण्याचे अंतर टायर ठरवतात. डिस्कच्या आकाराने ते एक मीटरही घटत नाही. डिस्कचा फायदा दिसतो तो पाचव्या, सहाव्या वेळी ब्रेक दाबताना. डिस्क किती मोठी हवी, याला चाकाचीही मर्यादा असते. मिनीची चाके दहा इंची. त्यात कॅलिपरसह मावेल तेवढीच डिस्क. ८.४ इंची डिस्क साध्या मिनीला मिळाली १९८४ मध्ये, चाके बारा इंची झाल्यावर.

मागच्या ब्रेकबाबत हौशी मंडळी हमखास घसरतात. पुढे सुधारले तर मागेही सुधारावे, असे त्यांना वाटते. भार पुढे गेल्यामुळे मागची चाके हलकी झालेली असतात. तिथे जोर वाढवला तर ती आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणूनच मिनीच्या मागच्या ब्रेकच्या नळीत दाबाला मर्यादा घालणारी झडप होती. मागचे ड्रम तर २००० साली उत्पादन थांबेपर्यंत ड्रमच राहिले.

उरले पेडल. पाच आणि वीस मिलिलिटरच्या दोन सिरिंज सलाईनच्या नळीने जोडून पाणी भरा. लहान दट्ट्या दाबला तर मोठा जोरात पण थोडाच सरकतो. कॅलिपरचा दट्ट्या ड्रममधल्यापेक्षा बराच मोठा असतो. जुन्याच मास्टर सिलिंडरला तेवढे ब्रेक ऑइल ढकलायचे तर पेडल तळाला टेकेल. मास्टर सिलिंडर मोठा घेतला तर पेडल जड होते. त्यात डिस्कला पाचरीची ती फुकटची मदत नाही. म्हणून बूस्टर. त्यात पडद्याच्या एका बाजूला वातावरणाचा दाब, तर दुसऱ्या बाजूला पेट्रोल इंजिनाच्या शोषण-नळीतला कमी दाब असतो. या फरकाने पायाला मदत होते.

आपल्याकडे ॲम्बॅसडरसारख्या जुन्या पेट्रोल गाड्यांत डिझेल इंजिने बसवली गेली, तिथे हा मुद्दा महत्त्वाचा आहे. साध्या डिझेल इंजिनाच्या शोषण-नळीत हवा अडवणारी झडपच नसते, म्हणून तिथे असा कमी दाबही नसतो. बूस्टर लावायचा तर वेगळा निर्वात पंप हवा. तो पुष्कळदा अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. बूस्टर काम करतो का, हे उभ्या गाडीत पाहता येते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा; ते कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर चालू आहे. जागचे हलले नाही, तर बूस्टर, त्याची नळी किंवा पंप यांपैकी काहीतरी निकामी आहे.