चार मीटरच्या आतला वेग

आरसी बुकात इंजिनाच्या घन क्षमतेचा, म्हणजे सीसीचा एक रकाना असतो. सेकंडहँड गाडी घेताना मालकाचं नाव, वर्ष, कर्जाचा बोजा एवढं लोक डोळ्यांत तेल घालून तपासतात. या रकान्याकडे कुणी फिरकत नाही. चिचगडच्या एका शिक्षकमित्राने पुणे पासिंगची जुनी पोलो जीटी टीडीआय घेतली, तेव्हा तिच्या आरसीवर मला १५९८ हा आकडा दिसला. गोंदियातल्या एका परिचिताकडेही जीटी टीडीआयच आहे. तिच्या आरसीवर आहे १४९८. बिल्ला एकच, कारखाना एकच, ताकदही तीच: १०५ पीएस. मग मधले शंभर सीसी गेले कुठे?

डिझेल हॅचबॅकचं वेड मला कॉलेजपासूनचं. आमच्या देवरी तालुक्यात कुठलंही मोठं काम निघालं की साकोली, भंडारा, नागपूर, नाहीतर सीमा ओलांडून राजनांदगाव; सगळे लांबचे पल्ले. अशा रस्त्यांवर डिझेलचा खालच्या आरपीएमलाच मिळणारा जोर ज्याने एकदा अनुभवला, त्याला त्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. त्यातून 'स्पोर्टी डिझेल' या जातीचा शोध घेत गेलो आणि युरोपात पोचलो.

तिथे या जातीची सुरुवात १९८२ च्या गोल्फ जीटीडीपासून धरतात. पण मला सर्वांत जवळची वाटते ती २००३ ची स्कोडा फॅबिया: १.९ लिटर टीडीआय, १३० पीएस, ३१० न्यूटनमीटर. युरोपात तिचं नाव आरएस, ब्रिटनमध्ये मात्र व्हीआरएस. कारण तिथे आरएस ही अक्षरं फोर्डची. सिआटने तर इबिझा कुप्रामध्ये १६० पीएसचं डिझेल बसवलं.

नावापलीकडचे फरक कायद्यांनी घडवले. इटलीत २०११ पासून नव्या परवानाधारकाला पहिलं वर्ष ७० किलोवॉटच्या, म्हणजे साधारण ९५ पीएसच्या वरची गाडी चालवता येत नव्हती. ब्रिटनमध्ये विम्याचा गट आणि कंपनीच्या गाडीवरचा कर पाहून माणूस आवृत्ती निवडतो. आयर्लंडने २००८ मध्ये नोंदणीकर कार्बन उत्सर्जनाला जोडला. अथेन्स आणि थेसालोनिकीत तर खासगी डिझेल गाडीवर कित्येक वर्षं बंदीच होती. सीमा ओलांडली की तीच गाडी वेगळ्या इंजिनाने, वेगळ्या सजावटीने विकावी लागते.

आपल्याकडे एवढे देश नाहीत. आपल्याकडे एक ओळ आहे. २८ फेब्रुवारी २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी लहान गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं आणि 'लहान' म्हणजे काय तेही ठरवून दिलं: लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. भारतातल्या गाड्यांचा इतिहास लिहायला घेतला तर या तीन आकड्यांना मी कुठल्याही अभियंत्याच्या आधी जागा देईन. लांबी मोजली, सीसी मोजले. धूर मोजला नाही आणि लिटरमागे किती किलोमीटर तेही मोजलं नाही. मोजायला सोपं तेच मोजलं, आणि पुढची सगळी वर्षं गाड्या त्या मापात शिवल्या गेल्या.

रांजणगावचं उदाहरण घ्या. महागणपतीच्या त्या गावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटने जून २००९ मध्ये ग्रांदे पुंतो आणली. युरोपात ही गाडी ४०३० मिलिमीटरची. रांजणगावची ३९८७. त्रेचाळीस मिलिमीटर कापले, म्हणजे बोटाची दोन पेरंसुद्धा नाहीत, आणि गाडी लहानांच्या पंगतीत बसली. युरोपातल्या पुंतो स्पोर्टला १.९ लिटरचं १३० पीएसचं मल्टिजेट मिळे. आपल्या स्पोर्टला १.३ लिटरच्याच मल्टिजेटची नव्वदीतली आवृत्ती मिळाली. रस्त्यावर घट्ट बसणारी, स्टिअरिंगला वजन असलेली ती सुंदर गाडी मला आजही आवडते. पण तिला जे इंजिन शोभलं असतं ते लहान गाडीच्या दरात इथे येणं शक्य नव्हतं.

चाकणने मात्र डिझेलमध्ये एकदा ही रेघ ओलांडली. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे मार्च २००९ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी पोलो आली. डिझेल पोलोला तीन सिलिंडरचं १.२ लिटर इंजिन, ७५ पीएस. आवाज खडखडीत, धाव बेताची. एप्रिल २०१३ मध्ये पेट्रोलची जीटी टीएसआय आली, ११९७ सीसी आणि १०५ पीएस. बाराशेच्या आत तीन सीसी राखून सगळं बसवलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात जीटी टीडीआय आली ती १५९८ सीसीची: चार सिलिंडर, १०५ पीएस, २५० न्यूटनमीटर. लांबी ३९७१ मिलिमीटर असूनही इंजिनामुळे ती लहान गाडी ठरली नाही. त्या वेळी लहान गाडीला १२ टक्के शुल्क होतं आणि १५०० सीसीच्या वर पाऊल पडलं की दर एकदम २७ वर जाई. एका बिल्ल्यासाठी कंपनीने आणि ग्राहकाने मिळून दुपटीहून जास्त दर सोसला.

मित्राच्या गाडीत बसून कोहमाऱ्याकडे निघालो तेव्हा तो दर कशासाठी होता ते कळलं. दोन हजार आरपीएमच्या खाली इंजिन सुस्त. काटा तिथे पोचला की टर्बो जागा होतो, पाठ सीटला टेकते आणि पुढचा धानाचा ट्रक मागे पडतो. गिअर बदलायची गरजच पडत नाही. साध्या डिझेल पोलोपेक्षा तीस पीएस जास्त आणि सिलिंडर एक जास्त, इतकं अंतर दोन आवृत्त्यांत होतं.

हे जेमतेम दहा महिने चाललं. जुलै २०१४ मध्ये पोलोचं रूप बदललं आणि १४९८ सीसीचं इंजिन आलं. जीटीची ताकद १०५ पीएसच राहिली, २५० न्यूटनमीटरही तेच. गेले फक्त शंभर सीसी. साध्या डिझेल पोलोलाही आता तेच १.५ लिटरचं इंजिन मिळालं, ९० पीएसचं. मालकांचं यात भलंच झालं, हे मान्य. पण जीटी आणि साधी यांच्यातली दरी पंधरा पीएसवर आली. डिझेलचा स्पोर्टी बिल्ला खऱ्या अर्थाने वेगळा होता तो त्या दहा महिन्यांच्या गाड्यांवर, असं माझं ठाम मत आहे. जुन्या बाजारात १५९८ ची आरसी दिसली तर सोडू नये.

या कथेला एक काळी बाजू आहे. दोन्ही इंजिनं ईए १८९ या घराण्यातली, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालेल्या लबाडीत सापडलं ते हेच घराणं. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर त्यात होतं. भारतात पडताळणी केली पुण्याच्याच एआरएआयने, कोथरूडच्या टेकडीवरच्या वाहनचाचणी संस्थेने. प्रयोगशाळा आणि रस्ता यांतला फरक तिथे दिसला आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली. चाकणला जन्मलेल्या गाडीचं इंजिन कोथरूडला पकडलं गेलं. ज्या जोरावर मी भाळलो त्याची किंमत कुणाच्या तरी फुप्फुसांनी मोजली आहे, हे या गाडीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं. आणि २००६ च्या व्याख्येत सीसीऐवजी धूर मोजला असता, तर निदान शंका विचारायला तरी कुणी आधी उभं राहिलं असतं.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे नवे नियम लागू झाले आणि पोलोचं डिझेल संपलं. २०२२ मध्ये पोलोही गेली. ह्युंदाईने आय-ट्वेंटीचं डिझेल बंद केल्यावर नव्या डिझेल हॅचबॅकमध्ये उरली ती पुण्यात बनणारी टाटा अल्ट्रोज. जून २०२४ मध्ये तिची 'रेसर' आली, १२० पीएसची, पण पेट्रोलवर. डिझेल ९० पीएसवरच राहिलं. टाटांनी रेसरची बैठक आणि सजावट तेवढी डिझेललाही द्यायला हवी होती. लांब पल्ल्याच्या गावांत तिला गिऱ्हाईक आहे, मी स्वतः पहिल्या रांगेत उभा राहीन.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले: लहान गाडीला १८ टक्के, इतरांना ४०. व्याख्या तीच राहिली, ४००० मिलिमीटर, १२०० आणि १५०० सीसी. अल्ट्रोजची लांबी ३९९० मिलिमीटर आहे आणि तिचं डिझेल इंजिन १४९७ सीसीचं.