ऐतिहासिक चित्रपट चालतो तो कशाच्या बळावर?

हिवाळ्यात मौदा तालुक्यातील एका गावी हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी सभा होती. कामगंध सापळे कसे लावावेत ते सांगून झाले, चहा आला, आणि तरुण मंडळाच्या मुलांनी भलताच विषय काढला. शिवजयंतीला त्यांना तानाजीचे नाटक बसवायचे होते. वर्गणी जमली होती. तीतून तलवारी, धुराचे यंत्र आणि भाड्याचे दोन घोडे आणायचे घाटत होते. "साहेब, अगदी सिनेमावानी झालं पाहिजे!" एक जण म्हणाला.

सिनेमावानी म्हणजे कसे, याचा विचार मी परतीच्या वाटेवर मौद्यापासून नागपूरपर्यंत करीत होतो.

वाचकहो, ज्या गोष्टीचा शेवट चौथीतल्या पोरालाही पाठ असतो, ती पाहायला माणसे पदरचे पैसे मोडून जातात, हे नवलच नव्हे काय? आणि ही आजची गोष्ट नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' काढला, तेव्हा चित्रपट मुका होता. ह. ना. आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून तो घेतलेला. रात्रीची लढाई दाखवायची म्हणून बाबूरावांनी विजेचे दिवे लावून चित्रण केले. त्या काळी हे मोठेच धाडस होते. त्यात शेलारमामा झालेले तरुण नट म्हणजे व्ही. शांताराम. पुढे दहा वर्षांनी, १९३३ साली, त्यांनीच प्रभात कंपनीसाठी 'सिंहगड' बोलका करून दाखवला. २०२० साली ओम राऊत यांचा हिंदी 'तान्हाजी' आला, तोही तुफान चालला आणि लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला. मुका गेला, बोलका आला, आता कडेकपारी संगणकावर उभ्या राहतात. गोष्ट मात्र तीच.

तिच्यात असे काय आहे? माझ्या मते सारे बळ रायबाच्या लग्नात आहे. घरात कार्य निघालेले, तानाजी आमंत्रण द्यायला जातो आणि कोंढाण्याची कामगिरी अंगावर घेऊन परततो. मुलाचे लग्न पुढे ढकलणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी मांडव पडला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तो कडा चढतो, तेव्हा आपल्या मनात त्याच्या घरचा मांडव उभा असतो. पुढे तो पडतो, मावळे बिथरतात, आणि दोर कापल्याचे कळताच माघारी वळतात. लढाईचे पट्टे आणि ढाली सोडून द्या. तो कापलेला दोर प्रेक्षकाला खुर्चीत ताठ बसवतो. आता परत जायला वाट नाही, एवढे एका क्षणात कळते.

दिग्पाल लांजेकरांचा 'पावनखिंड' २०२२ साली आला. मराठीत हिंदीएवढा पैसा कुठला? पण गोष्टीची बांधणी जात्याच घट्ट. जुलै १६६०, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, वर धो धो पाऊस. महाराज विशाळगडाकडे निघाले, त्यांच्या वेषात शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसून मरणाकडे गेला, आणि बाजीप्रभू बांदलांच्या माणसांसह घोडखिंडीत उभे राहिले. तोफांचे आवाज ऐकू येईपर्यंत खिंड सोडायची नाही. किती साधे काम, आणि किती अवघड! जागा एक, मुदत एक. लहान मूलही कान लावून बसते: तोफ अजून का होत नाही?

याउलट आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत' (२०१९) मोठ्या खर्चाचा असूनही पडला. पराभव दाखवला म्हणून पडला असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. सरदार फार, मसलती फार. माणूस मनात भरेपर्यंत दुसराच समोर येतो. पानिपतची खरी गोष्ट, निदान माझ्यासारख्या शेतीखात्याच्या माणसाला, धान्याची वाटते. रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, वाटा बंद झाल्या, आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशी फौज मैदानात उतरली. ऐन संक्रांतीच्या दिवसांत! त्या रिकाम्या पोटावर कोणी अख्खा चित्रपट काढील तर मी पहिल्या दिवशी जाईन.

शेवट दुःखाचा असला तरी लोक येतात, हे २०२५ च्या 'छावा'ने दाखवलेच. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरील हा लक्ष्मण उतेकरांचा चित्रपट. संभाजीराजांचे हाल पाहून माणसे डोळे पुसत बाहेर पडली. मात्र त्यात गणोजी व कान्होजी शिर्के फितूर दाखवल्यावरून शिर्के घराण्यातील मंडळी दुखावली आणि दिग्दर्शकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. पडद्यावरचे नाव कुणाच्या तरी घरचे आडनाव असते. नाटक बसवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवलेले बरे. खलनायक लिहिताना हात जरा सावरावा.

मुलांना मी निरोप धाडला की घोडे एक वेळ राहू द्या, पण रायबाच्या लग्नाचा प्रवेश घाईत उरकू नका. त्यांनी घोडे आणलेच. एक तोफेच्या आवाजाला बिचकला आणि मंडपाची कनात घेऊन पळाला.

निरोप धाडताना मला आमची आजी आठवत होती. आमचे गाव झाडीपट्टीतले. शंकरपटाच्या रात्री तिथे तानाजीचे नाटक झाले, ते पहाटेपर्यंत चालले. लढाईच्या प्रवेशाला आजी चक्क पेंगली होती. बैलगाडीत बसल्यावर मात्र तिने बाबांना विचारले, "मंग त्या रायबाचं लगन कोनं लावून देलं?"

महाराजांनी स्वतः लावून दिले, असे बाबांनी सांगितले, तेव्हा कुठे ती घोंगडी ओढून आडवी झाली.