जिवंत डोळ्याच्या तळाशीं

नेत्रवैद्याकडे जाऊन आलेली घरांतील वडील मंडळी “डोळ्यांत औषध घालून आंत पाहिलें” असें सांगतात. पण आंत म्हणजे कोठें, आणि पाहिलें म्हणजे काय, ही चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ती आज आम्ही करणार आहों.

बाहुलींतून शिरलेला प्रकाश डोळ्याच्या मागील बाजूच्या एका पातळ पडद्यावर पडतो. त्यास दृष्टिपटल म्हणतात. त्यांतील सुमारें १२ कोटि दंडपेशी मंद उजेडांत पाहण्याचें, व सुमारें ६० लक्ष शंकुपेशी रंग आणि बारकावे ओळखण्याचें काम करितात.

हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८५१ मध्यें आपलें नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून जिवंत माणसाचा हा पडदा वैद्यांस पाहतां येऊं लागला. रक्तवाहिन्या दिसत, एकेक पेशी मात्र दिसत नसे. याचें कारण खुद्द डोळाच होय. त्याचें पुढील पारदर्शक पटल व आंतील भिंग यांचा आकार कोणाचाच अगदीं निर्दोष नसतो. त्यामुळें पडद्यावरून परतणारा प्रकाश वाटेंत विस्कटतो. जुन्या, ओबडधोबड कांचेतून अंगणांतील रांगोळी पाहावी, तसाच हा प्रकार.

यावरील उपाय सांपडला तो ज्योतिर्विदांच्या घरीं! वातावरणामुळें ताऱ्यांचा प्रकाशहि असाच विस्कटतो. तो विस्कट मोजून तत्क्षणीं सुधारण्याची कल्पना बॅबकॉक या अमेरिकन ज्योतिर्विदानें १९५३ मध्यें मांडली. पुढें १९९७ मध्यें अमेरिकेंतील रॉचेस्टर विद्यापीठांत लिआंग, विल्यम्स व मिलर यांनीं तीच युक्ति डोळ्यास लाविली. ३७ ठिकाणीं मागेंपुढें सरकवितां येणारा आरसा नेमका उलट वांकवितांच, मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांशांएवढ्या शंकुपेशी चित्रांत स्पष्ट उमटल्या.

१९९९ मध्यें रूर्डा व विल्यम्स यांनीं दोन मनुष्यांच्या डोळ्यांतील तिन्ही प्रकारच्या शंकुपेशी वेगळ्या ओळखून दाखविल्या. एकाच्या डोळ्यांत तांबड्या बाजूच्या पेशी हिरव्या बाजूच्या पेशींच्या जवळजवळ चौपट होत्या, दुसऱ्याच्या डोळ्यांत किंचितच अधिक. तरी रंगज्ञान दोघांचेंहि निर्दोष!

हें केवळ कौतुक नव्हे. दृष्टिपटलाच्या कित्येक रोगांत पेशी हळूहळू मरतात, आणि रोग्यास कळतें तोंवर बराच नाश झालेला असतो. त्याच त्या पेशींचीं चित्रें पुनःपुन्हां घेतां आलीं, तर औषधाचा गुण येतो किंवा नाहीं हें लवकर समजण्याची सोय होते.

हीं यंत्रें अद्याप मुख्यत्वें संशोधनशाळांतच आहेत. परंतु मधुमेहामुळें दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांत होणारा बिघाड ओळखण्यास इतक्या सूक्ष्म यंत्राची गरज नाहीं; नेत्रवैद्याची नेहमींची तपासणी पुरते. हा बिघाड आरंभीं दुखत नाहीं, कीं दृष्टीहि मंद करीत नाहीं. म्हणून घरांतील मधुमेही मंडळींची ही तपासणी वर्षांतून एकदां तरी करवावी. “मला चांगलें दिसतें” या त्यांच्या उत्तरावर विसंबून राहूं नये, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.