तुरुंगात बदललेले मत

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स आणि पश्चिमेकडील लॅटिन चर्च यांच्या फारकतीसाठी इ.स. १०५४ हे साल हमखास सांगितले जाते. मात्र कॉन्स्टँटिनोपलच्या सामान्य रहिवाशांच्या मनात लॅटिनांविषयी खरी अढी बसली ती १२०४ मध्ये. चौथ्या धर्मयुद्धासाठी निघालेल्या सैन्याने त्या वर्षी हे ख्रिस्ती शहरच लुटले. १२६१ मध्ये सम्राट आठवा मायकेल याने राजधानी परत मिळविली. परंतु सिसिलीचा राजा चार्ल्स तिच्यावर टपून होता. त्याला आवरू शकत होता तो रोमचा पोप, आणि त्याची किंमत होती पोपचे श्रेष्ठत्व मान्य करून चर्चचे ऐक्य.

हागिया सोफियाचा दफ्तरदार जॉन बेक्कस याने सम्राटाला ठणकावले, की लॅटिनांना कोणी पाखंडी म्हणत नसले तरी ते पाखंडीच आहेत. १२७३ मध्ये त्याची रवानगी तुरुंगात झाली. तिथे त्याला निवडक ग्रंथ वाचायला देण्यात आले. मुख्य वाद 'फिलिओक्वे' या एका लॅटिन शब्दाचा होता. पवित्र आत्मा केवळ पित्यापासून निघतो, की 'आणि पुत्रापासून'ही? हा शब्द लॅटिनांनी श्रद्धाघोषणेत परस्पर घुसडला, असा ग्रीकांचा आक्षेप. बेक्कसला जुन्या ग्रीक धर्माचार्यांच्याच लेखनात 'पुत्राद्वारे' असा प्रयोग आढळला. दोहोंचा आशय एकच, असे त्याचे मत बनले.

तुरुंगातील मतपरिवर्तनावर कोण विश्वास ठेवणार? त्यातून १२७४ मध्ये लियाँच्या धर्मपरिषदेत ऐक्य जाहीर झाले आणि पुढच्याच वर्षी बेक्कस कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क, म्हणजे मुख्य धर्मगुरू झाला. ऐक्याच्या विरोधकांना सम्राटाने कैदेत टाकले, काहींचे डोळे काढले. अशा सम्राटाच्या पदरी असलेल्या धर्मगुरूचा युक्तिवाद लोकांनी ऐकलाच नाही, यात नवल ते काय!

बेक्कसची खरी कसोटी १२८२ मध्ये सम्राट वारल्यानंतर लागली. नव्या सम्राटाने ऐक्य मोडीत काढले. १२८३ मध्ये बेक्कसने दबावाखाली एका कबुलीपत्रावर सही केली, पण नंतर ती नाकारली. १२८५ च्या ब्लाखर्नाय परिषदेत त्याने प्रतिपक्षाशी जाहीर वाद घातला. आता त्यातून पद मिळणार नव्हते, उलट शिक्षाच वाढणार होती. परिषदेने त्याला दोषी ठरविले आणि निकोमिडियाच्या आखातावरील एका किल्ल्यात डांबण्यात आले.

त्याच्याविरुद्धचा निर्णय लिहिणारा पॅट्रिआर्क दुसरा ग्रेगरी यालाही त्याच मुद्द्यावरील शब्दरचना भोवली. स्वपक्षीयांच्याच टीकेमुळे १२८९ मध्ये त्याला पद सोडावे लागले. बेक्कस तेव्हा किल्ल्यातच होता. मत न बदलता १२९७ मध्ये तो बंदिवासातच वारला.