नवरंग : नावाचा आणि गुणांचा

मागल्या जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात, रात्री मृगाचा जोरदार पाऊस पडून गेला होता. सकाळी आमच्या वर्गाच्या खिडकीखाली एक पाखरू निपचित पडलेले सापडले. कोणी म्हणे पोपटाचे पिल्लू, कोणी म्हणे खंड्या. गुरुजी म्हणाले, "अरे, हा तर नवरंग! काचेवर आपटलाय."

नवरंग म्हणजे नऊ रंग. आम्ही लगेच मोजायला लागलो. पाठ हिरवी, खांद्यावर चमकदार निळा डाग, पोट बदामी, शेपटीखाली कुंकवासारखा लाल, डोळ्यावरून काळा पट्टा, त्यावर पांढरी भुवई, पाय गुलाबीसर, डोळा गडद तपकिरी. झाले आठ. नववा कोणता यावर आमचे भांडण अजून चालू आहे!

याला इंग्रजीत पिट्टा म्हणतात, पण तो शब्द मूळचा तेलुगू. तेलुगूत पिट्ट म्हणजे लहान पाखरू. तमिळ भाषेत याला 'सहा वाजताचे पाखरू' अशा अर्थाचे नाव आहे, कारण हा पहाटे आणि दिवेलागणीला शीळ घालतो. शास्त्रीय नावाचा अर्थ 'आखूड शेपटीचा'. शेपूट खरोखरच एवढीशी असते. लिनियस या शास्त्रज्ञाने १७६६ साली याला चक्क कावळ्यांत घातले होते! पुढे ती चूक सुधारली.

थंडीत नवरंग दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो. पाऊस जवळ आला की अंडी घालायला आपल्याकडच्या रानात येतो. प्रवास रात्रीचा. त्यामुळे दमलेला नवरंग कधी कधी गावात, अंगणात उतरतो. इतका रंगीत, तरी रानात सहसा दिसत नाही. कारण तो झाडावर कमी आणि जमिनीवर जास्त असतो. दाट झुडपांखाली टुणटुण उड्या मारत चोचीने पाने उलटतो आणि खालचे किडे, वाळव्या, गांडुळे खातो. घरटे काड्या, गवत, पाने यांचे, गोल, बाजूला दार असलेले. जमिनीवर नाहीतर खालच्या फांदीत. अंडी बहुधा चार-पाच.

हे माझ्या बाबांना सांगितले तर ते म्हणाले, "राबाला पाला नको का?" पाला तर लागतोच. पण ओढ्याकाठी करवंदीच्या जाळीखालचा पाला आम्ही यंदा झाडला नाही. तेवढा त्याला राहू दे, असे आजीच म्हणाली.

आता त्या पाखराचे सांगतो. एक दादा घरून पिंजरा आणि तांदूळ घेऊन आला. गुरुजींनी समजावले, की हा दाणे खात नाही, पिंजऱ्यात उपाशी मरेल. शिवाय १९७२ च्या कायद्याने रानपाखरू पाळणे गुन्हा आहे. मग पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून त्याला आत ठेवले, वरून फडके टाकले आणि खोके अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले. चोचीत पाणी कोणी ओतले नाही. ते छातीत जाते म्हणे. दिवसभर कोणाचे अभ्यासात लक्ष नव्हते.

शाळा सुटल्यावर खोके ओढ्याकाठी नेऊन उघडले. बराच वेळ तो हललाच नाही. मग दोन उड्या मारल्या आणि भुर्रकन जाळीत शिरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आजीबरोबर पाण्याला गेलो होतो. जाळीतून दोन सुरांची शीळ आली. थांबली, परत आली. तोच होता का दुसरा, कोण सांगणार!