जुने फर्निचर घरीच रंगवताना

नवी मुंबईतले करावे गाव खाडीकाठी आहे. खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे लाकडावरचा रंग फुगतो, पोपडे निघतात. ईदच्या आधी घराची साफसफाई निघाली, की दादीची पेटी, जहेजमधले कपाट किंवा पिढ्यान्‌पिढ्या वापरातला पाळणा रंगवायचे ठरते. हे काम घरच्या घरी होण्यासारखे आहे, खर्चही वाचतो. मात्र नवा रंग लावण्यापेक्षा जुना काढताना जास्त जपावे लागते.

याचे कारण शिसे. पूर्वी ऑइलपेंट लवकर वाळावा, रंग उठावदार दिसावा म्हणून त्यात शिशाची संयुगे घालत. घरगुती रंगांतील शिसे ९० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसे असेल असे धरूनच चालावे. रंगाची धूळ किंवा पोपडा पोटात गेला, तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. मूल वरून ठणठणीत दिसते, पण शिकण्यात मागे पडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

जुना रंग काढताना

मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवा. खाली जाड प्लास्टिक अंथरा, पंखा बंद करा, चांगला मास्क लावा. कोरडे घासू नका. पाणी शिंपडून वॉटर पेपरने घासा. रंग जाळून किंवा तापवून काढू नका. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. खरवड प्लास्टिकमध्येच गुंडाळून बांधा. हात-तोंड धुवा आणि कामाचे कपडे वेगळे धुवा.

रंग घट्ट बसलेला असेल, तर पूर्ण काढण्याची गरज नाही. ओल्या पेपरने हलकेच घासून त्यावर प्रायमर लावता येतो. पाळण्याची गोष्ट वेगळी. दात येणारे बाळ कठडा चावते, म्हणून जुन्या रंगाचा पाळणा नवा रंग देऊनही बाळासाठी वापरू नये.

नवा रंग देताना

आधी वाळवी पाहा. लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजले, तर त्याचा बंदोबस्त करूनच पुढे जा. खाचा लांबीने भरा, वाळल्यावर घासा, लाकडाचा प्रायमर द्या आणि रंगाचे दोन पातळ हात मारा. एका जाड हातापेक्षा ते जास्त टिकतात. डब्यावर शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसल्याची नोंद पाहूनच रंग घ्या. खण आणि दारांच्या कडांना जाड थर देऊ नका; पावसाळ्यात लाकूड फुगले की ते अडकतात. पावसाळ्यात रंग नीट वाळत नाही, म्हणून हे काम कोरड्या दिवसांत, खिडक्या उघड्या ठेवून करावे.

तेलरंगाने किंवा जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळी पसरून वाळवा.

घरात आधीच कोरडे घासकाम झाले असेल आणि मूल तिथे खेळले असेल, तर डॉक्टरांना तसे सांगा. रक्तातील शिशाची तपासणी करता येते.